बॅटरी ‘गेली’ म्हणजे नेमके काय झाले? शिसे-आम्ल घटाचा इतिहास आणि एका चुकलेल्या निदानाची गोष्ट

गेल्या चौदा महिन्यांत आमच्या मोटारीने दोन बॅटऱ्या संपवल्या आणि तिसरीही त्याच वाटेवर होती. मोटार वडिलांची, दहा वर्षे जुनी. ते निवृत्त झाल्यावर ती माझ्याकडे बंगळूरूला आली. आठवडाभर ती बिनतक्रार धावे, आणि सोमवारी सकाळी किल्ली फिरवली की नुसती टिकटिक ऐकू येई. पहिल्या खेपेस गॅरेजमध्ये सांगण्यात आले, ‘‘बॅटरी गेली.’’ नवी बसवली. सात महिन्यांनी पुन्हा तेच झाले आणि उत्तरही तेच मिळाले. तिसऱ्या खेपेस जो सोमवार उजाडला, तो आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा होता. रिक्षाने रुग्णालयात पोहोचलो, शस्त्रक्रिया नीट पार पडली. परंतु बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या मला माझीच लाज वाटू लागली. भौतिकशास्त्रात पीएच.डी. केलेला माणूस मी. प्रयोगशाळेत एखादे उपकरण तीनदा बंद पडले असते, तर ‘उपकरण गेले’ एवढ्यावर माझे समाधान झाले असते का?

त्या बाकावरून सुरू झालेला शोध मला मोटारीच्या बॉनेटखालून १८५९ सालच्या पॅरिसपर्यंत घेऊन गेला, आणि तेथून आपल्याच देशातील एका फारशा न बोलल्या जाणाऱ्या प्रश्नापर्यंत. विद्यार्थीमित्रांसाठी आणि विज्ञानाची आवड असलेल्या वाचकांसाठी तो येथे सविस्तर मांडतो आहे.

१. भरणारे यंत्र नसताना जन्मलेला घट

व्होल्टाने १८०० साली पहिली विद्युतराशी रचली, तेव्हापासून जवळजवळ साठ वर्षे माणसाला ठाऊक असलेले बहुतेक घट एकदाच वापरायचे होते. धातू झिजला, द्रावण संपले की घट संपला. विद्युतप्रवाह उलट दिशेने सोडल्यास काही काळ प्रवाह परत मिळतो, हे रिटर या जर्मन संशोधकाने १८०३च्या सुमारास पाहिले होते. सिन्स्टेडेन या जर्मन वैद्याने १८५४ साली शिशाच्या पत्र्यांवर असाच परिणाम नोंदवला होता. मात्र त्यातून उपयोगाची वस्तू घडवली ती गॅस्टन प्लांटे याने.

प्लांटे हा पॅरिसमध्ये एदमाँ बेकरेल यांच्या प्रयोगशाळेत घडलेला तरुण. पॅरिसजवळ त्याला १८५५ साली एका प्रचंड प्राचीन पक्ष्याचे जीवाश्म सापडले होते, आणि त्या पक्ष्याला त्याच्याच नावावरून ‘गॅस्टॉर्निस’ असे नाव मिळाले. हाच माणूस पुढे निरनिराळ्या धातूंचे पत्रे आम्लात बुडवून कोणता धातू सर्वांत जोरकस ‘परतीचा’ प्रवाह देतो, हे चिकाटीने तपासत बसला. शिसे सर्वांना मागे टाकते असे त्याला आढळले. शिशाचे दोन लांब पत्रे, मध्ये विलग करणारे आवरण, त्यांची गुंडाळी आणि ती सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवलेली, असा त्याचा १८५९ सालचा घट होता. पुढील वर्षी त्याने नऊ घटांचा संच फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडला.

येथे एक मौजेची बाब आहे. हा घट भरण्यासाठी लागणारा व्यवहार्य डायनामो तेव्हा अस्तित्वातच नव्हता. तो येण्यास १८७०चे दशक उजाडावे लागले. प्लांटेला आपला घट भरण्यासाठी दुसरे, एकदाच वापरायचे घट जाळावे लागत. शिवाय नव्या पत्र्यांत धारणक्षमता येण्यासाठी त्यांना महिनोन्महिने भरावे आणि रिकामे करावे लागे. त्यामुळे पहिली वीस वर्षे हा शोध बराचसा प्रयोगशाळेतच राहिला.

ही कोंडी कामिय फोर याने फोडली. शिशाच्या ऑक्साइडांचा लगदा थेट पत्र्यावर थापावा, म्हणजे पत्रा ‘कमावण्यात’ महिने घालवावे लागणार नाहीत, ही त्याची १८८०-८१ची कल्पना. भरलेल्या फोर-घटांची एक पेटी १८८१ साली पॅरिसहून ग्लासगोला विल्यम टॉमसन यांच्याकडे नेण्यात आली. हेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन. ‘विजेची पेटी’ म्हणून ती गाजली. तिच्यात सुमारे दहा लाख फूट-पौंड ऊर्जा होती असे सांगितले गेले. आजच्या मापात हे सुमारे ०.३८ किलोवॉट-तास होतात. आपल्या लहान मोटारीतील १२ व्होल्ट, ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण ०.५४ किलोवॉट-तास मावतात. म्हणजे ज्या पेटीचे युरोपला अप्रूप वाटले, तिच्याहून थोडी मोठी पेटी आपण रोज बॉनेटखाली घेऊन फिरतो आणि सोमवार सकाळखेरीज तिची आठवणही काढत नाही.

२. घट आपोआप का रिकामा होतो: १८८२चा शोध

फोरचा लगदा पत्र्यावरून गळून पडे. त्यावर लवकरच उपाय निघाला: सपाट पत्र्याऐवजी शिशाची जाळी ओतायची आणि तिच्या चौकटींत लगदा भरायचा. ओतकामाला शुद्ध शिसे फार मऊ पडते, म्हणून जॉन सेलॉन याने त्यात अँटिमनी मिसळले. जाळी कणखर झाली. या मिसळीची किंमत मात्र पुढे नव्वद वर्षे मोजावी लागली. ती कशी, ते पुढे येईल.

त्याच काळात एक प्रश्न सर्वांना छळत होता. भरून ठेवलेला घट, त्याला काहीही जोडलेले नसताना, हळूहळू रिकामा का होतो? जॉन हॉल ग्लॅडस्टन आणि आल्फ्रेड ट्राइब या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १८८२ साली ‘नेचर’मध्ये या घटाच्या रसायनावर लेखमाला लिहिली. तिचा आरंभच या प्रश्नापासून होता. त्यांनी दाखवले की धनपट्टीवर शिशाचा डायऑक्साइड आणि त्याखालचे शिसे एकमेकांना चिकटलेले असतात. आम्लात बुडालेली ही जोडी म्हणजे त्याच पट्टीवरचा एक छोटासा घटच झाला. तो आतल्या आत वाहत राहतो आणि दोहोंचे शिशाच्या सल्फेटमध्ये रूपांतर होते.

याच अभ्यासातून त्यांनी घटाची मूळ अभिक्रियाही मांडली. रिकामे होताना ऋणपट्टीवरील शिसे आणि धनपट्टीवरील शिशाचा डायऑक्साइड, दोन्हींचे शिशाचे सल्फेट होते. आम्ल खर्च होते आणि पाणी तयार होते. भरताना हेच उलट घडते. ‘दुहेरी सल्फेट सिद्धांत’ म्हणून तो ओळखला जातो. त्यावर पुढे अनेक दशके वाद झाले, पण अखेरीस तोच टिकला.

विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. आम्ल खर्च होते, या एका वाक्यातून निदानाचे एक साधन जन्माला आले. आम्ल पाण्याहून जड असते, म्हणून द्रावणाची घनता मोजली की घट किती भरला आहे ते कळते. जुन्या गॅरेजमध्ये काचेच्या नळीत तरंगणारा जो हायड्रोमीटर दिसे, त्याचे तत्त्व हेच. पूर्ण भरलेल्या घटात विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२६ ते १.२८ असते आणि रिकाम्या घटात ते १.१२च्या आसपास येते. लेहसारख्या ठिकाणी रिकामी बॅटरी थंडीत गोठून फुटू शकते आणि भरलेली सुरक्षित राहते, त्याचेही कारण हेच. भरलेल्या घटातील दाट आम्ल उणे ५० अंशांनाही गोठत नाही. रिकाम्या घटात उरते ते बहुतांशी पाणी.

३. हँडलपासून किल्लीपर्यंत

मोटारीत ही पेटी शिरली तेव्हा तिचे काम मामुली होते. इंजिन सुरू करण्यासाठी पुढे वाकून लोखंडी हँडल फिरवावे लागे. ते उलट फटकारले तर मनगट मोडे. आपल्याकडेही जुन्या अँबॅसेडरमध्ये असे हँडल असे, आणि थंडीत ते फिरवणारे चालक पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे.

चार्ल्स केटरिंग याने १९११ साली विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२च्या कॅडिलॅक मोटारींत तो बसला. इतका जोर देणारी मोटर फार अवजड होईल, असा तोवरचा समज होता. केटरिंगने यापूर्वी दुकानातील रोकड-यंत्रांसाठी छोटी विद्युत मोटर घडवली होती. क्षणभरच काम करायचे असेल तर छोट्या मोटरीवर तिच्या कुवतीबाहेरचा भार टाकता येतो, हे त्याला तेथे उमगले होते. इंजिन चालू झाल्यावर त्याची तीच मोटर जनित्र बनून बॅटरी भरी. घेणे आणि परत करणे, असा मोटारीतील विजेचा जमाखर्च तेव्हापासून सुरू झाला.

या जमाखर्चातील एक आकडा बहुतेकांना चकित करतो. स्टार्टर सुमारे २०० अँपिअर इतका प्रचंड प्रवाह ओढतो, पण तो जेमतेम दोन सेकंद. २०० गुणिले २, भागिले ३६००. उत्तर येते ०.११ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांच्या ठेवीतून हा चारशेवा हिस्सा झाला. म्हणजे बॅटरी रिकामी करणारा स्टार्टर नव्हेच. मोठा खर्च डोळ्यांत भरतो, पण दिवाळे काढतो तो लहान आणि अखंड चालणारा खर्च. माझ्या शोधाला दिशा याच भागाकाराने दिली.

जमेच्या बाजूची अडचण वेगळी होती. जुना डायनामो मंद गतीला बॅटरी भरू शकत नसे. आपल्या रेल्वेच्या जुन्या डब्यांखाली पट्ट्याने आसाशी जोडलेले जनित्र आणि शिसे-आम्ल घटांच्या पेट्या असत. गाडी धावताना जनित्र भरे, गाडी उभी राहिली की घट पंखे-दिवे चालवीत. मोठ्या थांब्यावर दिवे पिवळे पडलेले पाहिले असतील, तर तुम्ही शिसे-आम्ल घटाचा जमाखर्च डोळ्यांनी पाहिला आहे. मोटारींत १९६०च्या दशकात सिलिकॉन डायोडांमुळे अल्टरनेटर आला आणि इंजिन मंद चालतानाही थोडेफार भरण होऊ लागले.

उरली अँटिमनीची किंमत. जाळीतील अँटिमनी हळूहळू विरघळून ऋणपट्टीवर जाऊन बसते. तेथे ते स्वयं-रिक्तीकरण वाढवते आणि भरताना पाण्याचे विघटनही वाढवते. दर महिन्याला टोपणे उघडून डिस्टिल्ड वॉटर घालण्याचा कुळाचार त्यातून आला. टेलिफोन केंद्रांतील घट वर्षानुवर्षे भरलेल्या अवस्थेत राहावेत, म्हणून बेल प्रयोगशाळेत हेरिंग आणि थॉमस यांनी १९३५ साली शिसे-कॅल्शियम मिश्रधातू सुचवला. मोटारींत तो रूढ झाला १९७०च्या दशकात, ‘देखभालमुक्त’ या नावाने. टोपणे गेली, आणि त्यांच्याबरोबर हायड्रोमीटर बुडवण्याची जागाही गेली. सोय वाढली तसे निदान करण्याचे एक साधे साधनही आपल्या हातून गेले.

४. किल्ली फिरते ती आइन्स्टाइनमुळे

आता एक प्रश्न, जो या घटाच्या जन्मानंतर दीडशे वर्षांनी सुटला. आवर्तसारणीत शिशाच्या नेमके वर कथील आहे. दोघांचे रसायन सख्ख्या भावंडांसारखे असायला हवे. मग कथिलाची बॅटरी का नाही?

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात काम करणारे मूळचे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ राजीव आहुजा, त्यांचे सहकारी आणि हेलसिंकीचे पेक्का प्युक्क्यो यांनी जानेवारी २०११ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये याचे उत्तर प्रसिद्ध केले. आहुजा पुढे आयआयटी रोपडचे संचालक झाले.

शिशाच्या अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन असतात. एवढ्या भाराभोवती सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या सुमारे ६० टक्के वेगाने फिरतात, असे ढोबळ गणित सांगते. या वेगाला विशेष सापेक्षता लागू करावीच लागते. तिचा परिणाम बाहेरच्या कवचातील एस-इलेक्ट्रॉनांपर्यंत पोहोचतो. ते केंद्राच्या अधिक जवळ ओढले जातात आणि अधिक घट्ट धरले जातात. त्यामुळे चार इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेतील शिसे, म्हणजे डायऑक्साइडमधले शिसे, इलेक्ट्रॉन परत मिळवण्यास विलक्षण आतुर असते. याच आतुरतेतून व्होल्टेज निर्माण होते.

संशोधकांनी संगणकीय गणनेत सापेक्षता एकदा धरली आणि एकदा वगळली. दर घटाच्या सुमारे २.१ व्होल्टपैकी १.७ ते १.८ व्होल्ट सापेक्षतेमुळे मिळतात, असा निष्कर्ष निघाला. सहा घटांच्या बॅटरीत १२.६ व्होल्टपैकी दहाहून अधिक व्होल्ट झाले. कथिलाच्या अणूत हा परिणाम फार दुबळा, म्हणून कथिलाची बॅटरी नाही. प्लांटेला शिसे सर्वांत जोरकस का वाटले, याचे कारण त्याला कळणे शक्यच नव्हते. आइन्स्टाइनचा जन्म व्हायला तेव्हा वीस वर्षे अवकाश होता.

५. घरच्या अंगणातील निदान

इतिहास वाचून झाल्यावर मी एका शनिवारी मोटारीकडे वळलो. हातात साधा बहुमापक होता. ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांनी डोळ्यांवर चष्मा लावावा आणि बॅटरीजवळ ठिणगी वा ज्योत नेऊ नये; भरताना हायड्रोजन बाहेर पडतो.

पहिला प्रश्न: बॅटरी स्वतः शाबूत आहे का? भरण-यंत्राने ती रात्रभर पूर्ण भरली, तारा सोडवल्या आणि बारा तास तशीच ठेवली. भरल्यावर लगेच मोजले तर पट्ट्यांच्या पृष्ठभागावरील तात्पुरत्या भारामुळे आकडा फुगतो. विश्रांतीनंतर १२.६ व्होल्ट वा अधिक म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि ११.९च्या खाली म्हणजे रिकामी. माझा आकडा १२.६३ आला. किल्ली फिरवताना व्होल्टेज साडेनऊच्या बरेच वर राहिले. ‘गेलेली’ म्हणून ठरवलेली बॅटरी अजून शाबूत होती.

दुसरा प्रश्न: जमा होते आहे का? इंजिन चालू असताना अग्रांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १४.२ आले. अल्टरनेटर निर्दोष ठरला.

तिसरा प्रश्न: मोटार उभी असताना खर्च किती? इंजिन बंद करून, ऋण अग्राची तार सोडवून, तिच्या आणि अग्राच्या मध्ये बहुमापक १० अँपिअरच्या पल्ल्यावर जोडला. या जोडणीत किल्ली फिरवायची नसते, नाहीतर मापक जळतो. आधुनिक मोटारीतील संगणकीय भाग झोपी जायला वीस ते चाळीस मिनिटे घेतात, म्हणून पाऊण तास थांबलो. निरोगी मोटारीत हा झिरपता प्रवाह साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. माझा आकडा ४३० मिलिअँपिअरवर स्थिर झाला.

सारा उलगडा या एका आकड्यात होता. शुक्रवारी संध्याकाळी सात ते सोमवारी सकाळी सात म्हणजे साठ तास. ०.४३ गुणिले ६० म्हणजे जवळजवळ २६ अँपिअर-तास. ४५च्या ठेवीतून निम्म्याहून अधिक, आणि तेही ठेव मुळात पूर्ण नसताना. आठवडाभर रोज ये-जा होई तेव्हा हे भोक कसेबसे बुजे. शनिवार-रविवारी बुजत नसे.

चौथा प्रश्न: खर्च कोठे होतो? फ्यूज उपसत बसल्यास झोपलेले संगणक जागे होतात. त्याऐवजी प्रत्येक फ्यूजच्या पाठीवरील दोन उघड्या टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजावेत. फ्यूजला किंचित रोध असतोच. त्यातून प्रवाह वाहत असेल तर ओहमच्या नियमाने किंचित विभवांतर दिसते. माझ्याकडे एकाच फ्यूजवर ते दिसले: आतील दिव्यांच्या. तो काढताच आकडा ३० मिलिअँपिअरवर उतरला. फरक ४०० मिलिअँपिअरचा. १२.६ व्होल्टला हे झाले ५ वॉट, नेमका एका छोट्या दिव्याइतके.

छताचा दिवा बंद होता. उरला डिकीतला. तो बंद होतो की नाही हे डिकी लावल्यावर दिसणार कसे? मोबाइल चित्रीकरणावर ठेवून डिकीत टाकला आणि झाकण लावले. बाहेर काढून पाहिले तर झाकण मिटल्यावरही आतले सुटे चाक स्वच्छ उजळलेले दिसत होते. दिव्याची कळ दाबणारा रबरी गुटखा झिजला होता. चौदा महिने तो दिवा कोणासाठीही न जळता जळत होता. त्या जागी रबराचा एक तुकडा बसवला आणि दुखणे संपले.

६. मग गॅरेजचे म्हणणे खोटे होते का?

नव्हते, आणि मला महत्त्वाचे वाटते ते हेच. पहिल्या दोन्ही बॅटऱ्या भार-चाचणीत खरोखरच नापास झाल्या होत्या. अर्धी रिकामी राहिलेली बॅटरी आजारी पडते. पट्ट्यांवरचे शिशाचे सल्फेट ताजे असताना बारीक स्फटिकांत असते आणि भरताना सहज विरघळते. ते दिवसेंदिवस तसेच राहिले की लहान स्फटिक विरघळून मोठ्यांवर बसतात. मोठ्या स्फटिकांचे पृष्ठफळ कमी, म्हणून ते भरणाला दाद देत नाहीत. त्यांनी अडवलेले शिसे कायमचे कामातून जाते. आपल्या उन्हाळ्यात ही सारी झीज अधिकच वेगाने होते. म्हणजे दिव्याने बॅटरीला उपाशी ठेवले आणि उपासमारीने सल्फेट माजले. ‘बॅटरी गेली’ हे वर्णन अचूक होते, पण ते निदान नव्हते. कारण तसेच ठेवून नवी बॅटरी बसवली, की तिचाही शेवट ठरलेलाच.

या चुकीची किंमत दोन बॅटऱ्यांच्या पावत्यांपुरती असती, तर मी एवढे लिहिले नसते.

लहान मोटारीची एक बॅटरी सुमारे १२ किलोची. त्यातील निम्म्याहून अधिक वजन शिसे आणि त्याच्या संयुगांचे. शिसे-आम्ल बॅटरी ही जगात सर्वाधिक प्रमाणात पुनर्वापर होणाऱ्या वस्तूंपैकी एक आहे, आणि योग्य कारखान्यात हे काम सुरक्षितपणे होते. पण ते उघड्यावरही होते. कुऱ्हाडीने पेटी फोडायची, आम्ल जमिनीवर ओतायचे, पट्ट्या भट्टीत वितळवायच्या. त्या धुराची आणि धुळीची बाधा सर्वांत आधी आसपासच्या मुलांना होते. शिशाचा मुलांच्या वाढत्या मेंदूवर कायमचा परिणाम होतो, आणि रक्तातील त्याची सुरक्षित म्हणावी अशी पातळी ज्ञात नाही. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२०च्या अहवालात जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम वा अधिक असल्याचा अंदाज आहे. त्यांतील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातील आहेत. शिसेयुक्त पेट्रोल आपण २००० साली बंद केले. त्यानंतर उरलेल्या स्रोतांत मसाल्यांतील भेसळ आणि रंग यांच्यासोबत बॅटऱ्यांचा हा उघड्यावरचा पुनर्वापर ठळकपणे येतो.

नियम आपल्याकडे आहेत. २००१च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादक आणि विक्रेत्यांवर टाकली. ऑगस्ट २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांना कक्षेत घेऊन उत्पादकाची जबाबदारी आणखी विस्तारली. संशोधनही आहे. कराईकुडीची केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत उभी राहू लागली. अळगप्पा चेट्टियार यांनी तिच्यासाठी ३०० एकर जमीन आणि १५ लाख रुपये दिले होते. परंतु नियम आणि संस्था यांच्या मध्ये एक दुवा राहतो, आणि तो म्हणजे आपण. घरोघरच्या इन्व्हर्टरमध्ये, ई-रिक्षांत, मोटारींत या पेट्या आहेत, आणि त्यांपैकी किती वेळेआधी भंगारात जातात हे आपल्या निदानावर अवलंबून आहे.

माझी पहिली जुनी बॅटरी मी नवीच्या बदल्यात दुकानात दिली होती. दुसरी मात्र दारावर आलेल्या भंगारवाल्याला विकली, कारण त्याने शंभर रुपये जास्त देऊ केले होते. ती कोठे फुटली आणि कोणाच्या अंगणात वितळली, हे मला कधीच कळणार नाही. तो व्यवहार मी केला तेव्हा ग्लॅडस्टन-ट्राइबचा सिद्धांत मला पाठ होता. मोटारीच्या डिकीत मात्र मी एकदाही डोकावलो नव्हतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘बॅटरी गेली’ म्हणाले, तर ‘कशाने?’ एवढे विचारावे. बहुमापक पाचशे रुपयांच्या आत मिळतो, आणि गणित गुणाकार-भागाकारापलीकडचे नाही. आणि बॅटरी खरोखरच गेली असेल, तर ती पावती देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडेच परत करावी.

आईचा डोळा आता उत्तम आहे. तिसरी बॅटरी सात महिने झाले, तीच आहे.